कोळशाचा इतिहास आणि मातीचा हिशेब

वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजा गांवाच्या परिसरांत कोळशाची खाण नाहीं. तो सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. तथापि आम्ही आज ज्या विषयाचा विचार करूं इच्छितों, तो तेथील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. विहीर खणतांना प्रथम काळी माती निघते, मग मुरूम, आणि शेवटीं दगड. कांठावर ढीग पडतो तेव्हां हा क्रम नेमका उलटतो. माती तळाशीं गाडली जाते आणि दगड वर येतो. अशा ढिगावर पुढें कित्येक वर्षें धड गवतहि उगवत नाहीं. हाच ढीग कल्पनेनें डोंगराएवढा करावा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यांतील उघड्या कोळसाखाणींच्या शेजारचें दृश्य डोळ्यांपुढें उभें राहतें.

वर्धा नदीच्या खोऱ्यांतील खाणींचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तो केवळ कोळशाचा. १८७१ पासून १९०६ पर्यंत वरोऱ्याची सरकारी खाण चालली. तिच्यासाठीं वर्ध्याहून लोहमार्ग आला. नंतर बल्लारपूर व घुग्घुस हीं नांवें प्रसिद्धीस आलीं. त्या काळच्या खाणी भुयारी होत्या. जमिनीचा वरचा थर बव्हंशीं जागच्या जागीं राही, आणि बाहेर पडे तो मुख्यतः कोळसाच. १९७३ सालीं खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, १९७५ सालीं नागपुरास वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, आणि अवजड यंत्रांच्या साह्यानें उघड्या खाणींचें युग सुरू झालें. ह्या पद्धतींत एका टन कोळशासाठीं कित्येक टन माती व दगड हलवावे लागतात. खाणवाले त्यास ‘ओव्हरबर्डन’, म्हणजे वरचें ओझें, म्हणतात. कोळसा आगगाडीनें निघून जातो. ओझें मात्र गांवाजवळच राहतें.

हें ओझें निरुपद्रवी आहे असें कोणीं समजूं नये. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं वेल्समधील अ‍ॅबरफॅन गांवीं पाण्यानें भिजलेला खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळला आणि १४४ माणसें मेलीं; त्यांत ११६ मुलें होतीं. डिसेंबर २०१६ मध्यें झारखंडांतील लालमाटिया येथें अशीच रास खचून २३ कामगार प्राणांस मुकले. आपल्या नियमांत प्रत्येक पायरीची उंची ३० मीटरांहून आणि उतार साडेसदतीस अंशांहून अधिक नसावा असें बंधन आहे, तें ह्याच भीतीपोटीं. शिवाय दुसरें नुकसान सावकाश होत असतें. पावसाळ्यांत उघडा ढिगारा झिजतो, ओढ्यानाल्यांतून त्याची माती वाहते आणि इरईसारख्या नदीचें पात्र उथळ होऊं लागतें. ढिगाऱ्यास आवर घालण्याचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे झाडांचीं मुळें. परंतु झाडें तेथें उगवावीं कशीं?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर चंद्रपुराजवळील पद्मापूरच्या खाणीवर मिळालें. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तेथील १० हेक्टर ढिगाऱ्यावर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या मातींत नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशीं सख्य करणारी बुरशी जवळजवळ नव्हतीच. म्हणजे ती केवळ नापीक नव्हे, तर निर्जीव होती. शास्त्रज्ञांनीं सांडपाणी शुद्ध करतांना उरणारा गाळ हेक्टरीं ५० टन ह्या प्रमाणांत मिसळला, आणि रोपांबरोबर ते जिवाणू व ती बुरशी पेरली. मातीचे गुण सुधारले आणि हरपलेली सूक्ष्म सृष्टि तींत पुन्हां नांदूं लागली. एकाचा टाकाऊ गाळ दुसऱ्याच्या टाकाऊ मातीस जीवदान देतो, ही गोष्ट आमच्या मतें कोळसा सांपडल्याच्या वार्तेइतकीच इतिहासांत नोंदण्याजोगी आहे.

पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. हिरवा झालेला डोंगर म्हणजे परत मिळालेलें शेत नव्हे. जेथें कापूस आणि तूर पिकत होती, तेथें शिसव व कडुनिंब वाढले तर नदी वांचते, धूळ बसते, हें खरें. तरी शेतकऱ्याची भाकरी परत येत नाहीं. ती यावयाची तर काळजी ढिगारा संपल्यावर नव्हे, तर कुदळ पडण्यापूर्वीं घेतली पाहिजे. वरची काळी माती प्रथम सोलून निराळी ठेवावी. ती फार दिवस रचून ठेवल्यास तिच्यांतील जीव मरतात, म्हणून लौकर वापरावी. दगड व मुरूम रिकाम्या झालेल्या खड्ड्यांतच भरावा, आणि त्यावर ती माती पसरावी. क्रम राखला तर जमीन राहते; क्रम मोडला तर डोंगर राहतो.

२००९ सालीं केंद्र सरकारनें कोळसाखाणीसाठीं ती बंद करण्याची योजना आधींच आंखण्याचे व त्या खर्चाची रक्कम निराळी जमा करीत जाण्याचे निर्देश काढले. हा विचार योग्य आहे. वरोऱ्याच्या काळीं खाणीचें यश तिनें काय दिलें ह्यावरून मोजीत. ह्यापुढें तिनें मागें काय ठेवलें ह्यावरून मोजलें जावें. कोळसा एकदांच जळतो. मातीस मात्र प्रत्येक पिढीचें पोट भरावयाचें असतें, आणि म्हणून तिचा हिशेब इतिहासकारानेंहि मागितला पाहिजे.