एक चिन्ह, दोन अर्थ : गांधर्व महाविद्यालयाचा छापील ठेवा आणि त्याच्या वाचनाचा प्रश्न

प्रस्तावना

संगीत विद्यालयाच्या दप्तरातील मौल्यवान वस्तू म्हटल्यावर सामान्यतः जुनी वाद्ये, संस्थानिकांनी दिलेली मानपत्रे, नामवंत कलावंतांची छायाचित्रे अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. प्रदर्शनात मांडण्यासाठी त्या सोयीच्या असतात. परंतु संगीतशिक्षणाच्या इतिहासाचे खरे साधन बहुधा कपाटाच्या खालच्या खणात असते. स्वरलिपीच्या पुस्तिका, इयत्तावार पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रमाची पत्रके, विद्यार्थ्यांशी केलेले करार आणि संस्थेची मासिके हे ते साधन होय. मौखिक परंपरेने शेकडो वर्षे चालत आलेली विद्या विसाव्या शतकाच्या प्रारंभी कागदावर कशी उतरली, याचा पुरावा या साध्या कागदांतच सापडतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या छापील ठेव्याचा या दृष्टीने प्रस्तुत लेखात विचार केला आहे. हा ठेवा जतन करणे आवश्यक आहेच. परंतु केवळ जतन केल्याने तो वाचता येईल असे नाही. तो कोणत्या लिपीत लिहिला आहे याची नोंद ठेव्याबरोबर राहिली नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती पुस्तक राहील, पण त्यातील राग मात्र वेगळाच निघेल, हे येथे उदाहरणांसह दाखविण्याचा प्रयत्न आहे.

विद्यालय, छापखाना आणि कर्ज

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. पुढे मिरज येथे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. १८९६ मध्ये मिरज सोडून ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. ज्याची दृष्टी लहानपणीच अधू झाली, त्याच पुरुषाने संगीताला डोळ्यांनी वाचावयाची लिपी देण्यासाठी आयुष्य वेचले, हा योगायोग लक्षणीय आहे.

या विद्यालयाचे वेगळेपण केवळ गायन शिकविण्यात नव्हते. गुरुगृही राहून, सेवा करून, गुरूच्या मर्जीप्रमाणे विद्या मिळविण्याच्या जागी येथे वर्ग, वेळापत्रक, परीक्षा आणि पदवी आली. निवासी शिष्यांकडून विशिष्ट मुदतीचा करार लिहून घेतला जाई. त्या मुदतीत त्यांना शिक्षण मिळे व तयार झाल्यावर त्यांनी उपदेशक म्हणून कार्य करावे अशी अपेक्षा असे. वर्गासाठी पुस्तके हवीत म्हणून संस्थेने स्वतःचा छापखानाही चालविला. 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' यांसारख्या क्रमिक पुस्तिका आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक ही या प्रयत्नाची फळे होत. संगीताच्या विद्यालयाने छापखाना बाळगणे आज नवलाचे वाटेल. परंतु अक्षराच्या वर, खाली आणि बाजूला चिन्हे असलेला मजकूर सामान्य छापखान्यात जुळविणे किती कष्टाचे असेल, हे लक्षात घेता त्यामागील निकड समजते.

या विस्ताराची किंमतही मोठी होती. मुंबईत सँडहर्स्ट रोडवर १९१५ च्या सुमारास विद्यालयाची स्वतःची वास्तू उभी राहिली, ती कर्जाच्या आधारावर. मैफली आणि दौऱ्यांतून मिळणारे उत्पन्न कर्ज फेडण्यास पुरले नाही आणि १९२४ च्या सुमारास ती वास्तू संस्थेच्या हातून गेली. विष्णु दिगंबरांनी पुढील काळ नाशिक येथे रामनामाच्या सान्निध्यात घालविला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ या नावाने ते परीक्षांच्या द्वारे देशभर पसरले.

ज्या संस्थेची वास्तू जाते, तिचे दप्तर एका ठिकाणी राहत नाही. लाहोर तर १९४७ च्या फाळणीनंतर परदेशच झाले. या परिस्थितीत छापील पुस्तिकांचे महत्त्व वाढते. हस्तलिखित नोंदवही एकच असते. छापलेली पुस्तिका मात्र विद्यार्थ्यांबरोबर गावोगावी जाते. गांधर्व महाविद्यालयाच्या दप्तराचा मोठा भाग अशा रीतीने शिष्यांच्या घरी, शाळांच्या ग्रंथालयांत आणि सार्वजनिक वाचनालयांत विखुरलेला असणे स्वाभाविक आहे. ज्याला संग्रह म्हणावयाचे तो येथे एका छताखाली नाही, हे ध्यानात ठेवूनच त्याचा विचार करावा लागतो.

एक चिन्ह, दोन अर्थ

विष्णु दिगंबरांच्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दुसरी स्वरलिपी प्रचारात आणली. जयपूर, रामपूर आदी ठिकाणच्या कलावंतांकडून मिळविलेल्या बंदिशी त्यांनी या लिपीत लिहिल्या. मूळ मराठीत लिहिलेली 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'ची विवेचनमाला आणि सहा भागांतील 'क्रमिक पुस्तक मालिका' हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेनंतर आणि १९२६ मध्ये लखनौ येथे सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजमुळे त्यांच्या लिपीचा प्रसार वाढला. लिहिण्यास आणि छापण्यास ती सुटसुटीत असल्याने कालांतराने तीच सर्वत्र रूढ झाली.

दोन्ही लिप्या देवनागरी अक्षरांवर आधारलेल्या आहेत. दोहोंत सा, रे, ग, म हीच अक्षरे, त्याच रेषा, तीच टिंबे आणि तीच शून्ये आहेत. अडचण नेमकी येथेच आहे. लिपी अगदी परकी असती, तर वाचक थांबला असता व किल्ली शोधू लागला असता. येथे लिपी ओळखीची वाटते आणि म्हणूनच फसविते. काही उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण टिंबाचे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील टिंब तार सप्तक दाखविते, तर मंद्र सप्तकासाठी टिंब खाली देतात. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरील टिंब मंद्र सप्तकाचे आहे. तार सप्तकासाठी तेथे स्वरावर उभी रेषा येते. म्हणजे डोक्यावर टिंब असलेला पंचम एका वाचनात मंद्र, तर दुसऱ्या वाचनात तार सप्तकात जातो. दोहोंमध्ये दोन सप्तकांचे अंतर पडते.

दुसरे उदाहरण उभ्या रेषेचे. भातखंडे पद्धतीत मध्यमावरील उभी रेषा तो तीव्र असल्याचे सांगते. पलुस्कर पद्धतीत तीच रेषा तो मध्यम तार सप्तकातील असल्याचे सांगते. भीमपलास रागात केवळ शुद्ध मध्यम लागतो. त्यातील तार मध्यमाची जागा आजच्या सवयीने वाचली, तर रागात वर्ज्य असलेला तीव्र मध्यम त्यात शिरतो.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पलुस्कर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याचे कालमान लिहितात. एक मात्रेसाठी आडवी रेषा, अर्ध्या मात्रेसाठी शून्य, याप्रमाणे ती चिन्हे आहेत. कोमल स्वर दाखविण्यासाठी अक्षराला हलन्ताचे चिन्ह जोडतात. भातखंडे पद्धतीत स्वराखालील आडवी रेषा हेच कोमल स्वराचे चिन्ह आहे. बिलावल रागातील एकेक मात्रेचे स्वर असलेली एखादी साधी ओळ घेतली, तर पलुस्करांच्या पुस्तिकेत त्या प्रत्येक स्वराखाली आडवी रेषा असणार. भातखंडे पद्धतीची सवय झालेला वाचक तेथे रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल समजेल. बिलावलाची ओळ त्याच्या गळ्यातून भैरवीच्या स्वरांत निघेल. षड्ज आणि पंचम यांखालीही रेषा आहे, हे ज्याच्या लक्षात येईल तोच सावध होईल, कारण हे दोन स्वर कधीही कोमल होत नाहीत.

चौथे उदाहरण तालाचे. भातखंडे पद्धतीत समेसाठी गुणिले चिन्ह, खालीसाठी शून्य आणि पुढील टाळ्यांसाठी दोन, तीन असे अनुक्रमांक देतात. पलुस्कर पद्धतीत समेसाठी एक, खालीसाठी अधिक चिन्ह आणि टाळीच्या जागी त्या मात्रेचा क्रमांक लिहितात. झपतालाच्या १० मात्रांत टाळ्या १, ३ आणि ८ या मात्रांवर आणि खाली ६ व्या मात्रेवर येते. तेव्हा ओळीखाली ३ हा अंक दिसला, तर पलुस्कर पद्धतीप्रमाणे ती तिसऱ्या मात्रेवरील दुसरी टाळी असते, भातखंडे पद्धतीप्रमाणे आठव्या मात्रेवरील तिसरी टाळी असते. बंदिशीचा मुखडा समेवर येण्याऐवजी भलत्याच मात्रेवर येऊन पडेल. स्वराखालील शून्यही एका पद्धतीत अर्धी मात्रा, तर दुसरीत खाली सांगते.

या चारही ठिकाणी छापणाऱ्याची चूक नाही आणि वाचणाऱ्याचे अज्ञानही नाही. वाचणारा एक लिपी उत्तम जाणतो, हेच चुकीचे कारण आहे.

बदललेले शब्द

या पुस्तिकांच्या वाचनात आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. संगीत प्रतिष्ठित घरांतील मुलामुलींना शिकविता यावे, या हेतूने विष्णु दिगंबरांनी अनेक बंदिशींतील शृंगारपर शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द योजले. मध्यमवर्गीय समाजात, विशेषतः स्त्रियांमध्ये, संगीतशिक्षण रुजण्यास या धोरणाचे मोठे साहाय्य झाले, यात शंका नाही. परंतु संशोधनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, या पुस्तिकेतील शब्द हे त्या बंदिशीचे सर्वांत जुने शब्द असतीलच असे नाही. त्याच बंदिशीचा 'क्रमिक पुस्तक मालिके'तील पाठ, जुन्या ध्वनिमुद्रिकेतील पाठ आणि घराण्यातील मौखिक पाठ शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे. अशा तुलनेतून शब्द कोठे बदलले एवढेच समजत नाही. त्या काळातील समाजाला काय गाण्याजोगे वाटत होते आणि काय नाही, हेही उमगते. संगीताचा ग्रंथ येथे सामाजिक इतिहासाचे साधन बनतो.

कोकणाच्या संदर्भात

मिरज आणि कुरुंदवाड ही गावे सह्याद्रीच्या पलीकडे असली, तरी आंबा घाटातून रत्नागिरीशी त्या प्रदेशाचे दळणवळण जुने आहे. ज्या मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी देतात, त्याच्या अभ्यासक्रमात दोन्ही स्वरलिप्यांची तुलना हा विषय आहे. म्हणजे किल्ली हरवलेली नाही. मात्र ती प्रश्नपत्रिकेतील एका उत्तरापुरती उरली आहे. तुलनेचा तक्ता पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पलुस्कर पद्धतीत छापलेली जुनी पुस्तिका क्वचितच येते, आणि जेथे ती पुस्तिका पडून आहे तेथे तो तक्ता जाणणारा कोणी नसतो.

रत्नागिरी येथे १८२८ पासूनची वाचनालयाची परंपरा आहे. नाट्यसंगीत, कीर्तन आणि भजन यांची आवड असलेल्या या जिल्ह्यात जुन्या संगीतपुस्तिका घरांतील ट्रंकांत आणि देवघराच्या फळीवर असण्याचा संभव पुष्कळ. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या प्रदेशात कागदाला वाळवी, कसर आणि दमट हवा यांचे भय कायमचे असते. त्यांत चिन्हांची हानी अक्षरांच्या आधी होते. 'ग' हे अक्षर डागाखालीही ओळखता येते. परंतु त्यावरील टिंब कसरीच्या छिद्रापासून वेगळे काढणे कठीण जाते, आणि त्या एका टिंबावर स्वराचे सप्तक अवलंबून असते.

या दृष्टीने महाविद्यालयांना काही कामे सहज हाती घेता येतील. ग्रंथसूचीत संगीतपुस्तिकेची नोंद करताना तिची स्वरलिपी कोणती, हा स्वतंत्र रकाना ठेवावा. छायाप्रत घेताना त्या पद्धतीच्या चिन्हांचा तक्ता पहिल्या पानाला जोडावा. मराठी, इतिहास आणि संगीत या विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका पुस्तिकेचे दुसऱ्या लिपीत लिप्यंतर करावे व ते जाणकार गायकाकडून गाऊन तपासावे. यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

गांधर्व महाविद्यालयाची लाहोर आणि मुंबई येथील घडण, त्याचे कर्ज आणि त्याची गेलेली वास्तू या घटना चरित्रग्रंथांतून परिचित आहेत. त्याच्या छापील ठेव्याकडे मात्र अभ्यासाचे साधन म्हणून अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. दोन थोर पुरुषांनी एकाच काळात, एकाच हेतूने, एकाच वर्णमालेवर दोन लिप्या उभ्या केल्या. त्यांतील एक प्रचलित झाली आणि दुसरीतील पुस्तके त्या प्रचलित लिपीच्या डोळ्यांनी वाचली जाण्याचा धोका निर्माण झाला. कसरीने खाल्लेले पान निदान गेलेले दिसते. चुकीच्या लिपीने वाचलेले पान शाबूत असते, गायलेही जाते, आणि त्यातील बिलावल नाहीसा झाल्याचे कोणाच्याही ध्यानात येत नाही.