हरणांचा माळ

कंधारहून अहमदपूरकडे यायला लागलं की बालाघाटाच्या चढावर काळी जमीन सरते आणि मुरूम लागतो. कुसळीचं गवत, बोरी-बाभळी, मधेच उघडा खडक. कागदावर हे सगळं ‘पडीक’. माझे आजोबा त्याला हरणांचा माळ म्हणत.

मुलूख निजामाचा होता तेव्हाच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या. फासेपारधी काळविटाला फाशात कसे धरत, शिकवलेला चित्ता डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीतून कसा आणत. १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. तोवर जीप आली होती. रात्री दिव्याच्या झोतात हरीण जागीच खिळतं. “चित्ता एक धरून बसायचा लेकरा, जीपवाल्याचं पोट भरायचंच न्हाई,” असं सांगताना आजोबांचा आवाज चढायचा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि दुष्काळही त्याच साली. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कायदा तिच्या कानावर कुठून येणार? पण तिचा स्वतःचा एक नियम होता. ज्वारी काढताना ताटांत पाडस दडलेलं दिसलं की तेवढा तुकडा उभा ठेवायचा. मादी सांजच्याला येऊन त्याला घेऊन जाते.

आज काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कळप आमच्या सोयाबीनमध्ये, हरभऱ्यात आहेत. कोवळे शेंडे एका रात्रीत जातात. शेतकऱ्याचा संताप खरा आहे. वनविभागाची भरपाई मिळते, पण पंचनाम्याचे हेलपाटे घालून. मात्र हरीण शेतात येण्याआधी शेत माळावर गेलं, हेही खरं. गायरानं नांगरली गेली, मुरूम उपसला गेला, उरल्या जागेत झाडं लावण्याचे कार्यक्रम झाले. काळविटाला झाडी नको असते. लांडगा लांबून दिसावा आणि उधळायला रान मोकळं मिळावं, यावर त्याचा जीव टिकतो. माळढोकाचंही तेच. तो उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडे नान्नजचं अभयारण्य झालं, तरी आज तिथं एखादा दिसला तरी बातमी होते.

आमच्याकडची माणसं कासवाची पिल्लं बघायला पार कोकणात वेळासला जातात. जरूर जावं. पण गावच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा हजर राहा, आणि गवताचा माळ गवताचाच ठेवा, असं उठून सांगा.