मुरलेल्या शिराझचा निकाल

ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातली भारदस्त शिराझ आज वर्षानुवर्षं मुरवून पितात, त्याचं श्रेय केवळ द्राक्षाला देणं मला पटत नाही. तीच द्राक्षं पूर्वी बहुतांशी पोर्टसारख्या गोड, कडक वाइनमध्ये जात. १९५० साली पेनफोल्ड्स या वाइन कंपनीचे मॅक्स शुबर्ट बोर्दोला गेले, तिथल्या जुन्या वाइन त्यांनी चाखल्या आणि १९५१मध्ये नव्या अमेरिकन ओकच्या पिंपांत पहिली ‘ग्रेंज’ भरली. कोवळेपणी ती जाणकारांनाही रुचली नाही. १९५७ साली कंपनीने काम थांबवायला सांगितलं. शुबर्टनी ते गुपचूप चालू ठेवलं. द्राक्षात मूळचा दम नसता तर पिंप काय करणार, हा आक्षेप रास्तच आहे. पण तोच दम कोवळ्या वाइनमध्ये जिभेला तुरट बोचतो. तो निवायला बाटलीतली वर्षंच लागतात. १९५५च्या ग्रेंजने १९६२ साली सिडनीच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.