कायद्याचे शब्द आणि त्यांचें माहेर

एका भाषेंतील कायदा दुसऱ्या भाषेंत उतरविणें म्हणजे कोशाच्या एका रकान्यांतील शब्द उचलून दुसऱ्यांत ठेवणें, असा सर्वसाधारण समज असतो. दोन्ही भाषा एकमेकींच्या नात्यांतल्या असल्या तर हें काम अधिकच सोपें, असेंही वाटतें. इंग्रजी कायदा फ्रेंच भाषेंत नेण्याचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज किती फसवा आहे हें ध्यानांत येतें.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. त्याच्या मागून आलेली फ्रेंच भाषा प्रथम दरबारांत आणि पुढें न्यायमंदिरांत रुळली. आपल्याकडे मुसलमानी अमदानींत फिर्याद, वकील, मुद्दत हे शब्द कचेरींत शिरले आणि राज्यें पालटलीं तरी तेथेंच राहिले. तसाच हा प्रकार. १३६२ सालीं पार्लमेंटनें खटले इंग्रजींत चालवावे असा कायदा केला. पण गंमत अशी कीं, तो कायदाच फ्रेंचमध्यें लिहिलेला होता! वकीलवर्गाची धेडगुजरी फ्रेंच त्यानंतरही टिकून राहिली. १७३१ सालीं मंजूर होऊन १७३३ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें लॅटिन आणि फ्रेंच या दोहोंस न्यायालयांतून कायमची रजा दिली. तरी कोर्ट, जज्ज, ज्यूरी, अ‍ॅटर्नी, एव्हिडन्स, मॉर्गेज हे शब्द इंग्रजीच्या घरांत कायमचे नांदूं लागले.

परंतु सासरीं शेंकडों वर्षें काढल्यावर माणसाचें वळण बदलतें, तसें शब्दांचेंही बदलतें. इंग्रजींत ‘एव्हिडन्स’ म्हणजे पुरावा. फ्रेंचांत त्याच घराण्यांतील ‘एव्हिदांस’ म्हणजे उघड दिसणारी, सिद्ध करण्याची गरज नसलेली गोष्ट. पुराव्याला फ्रेंच माणूस निराळाच शब्द वापरतो. इंग्रजी ‘प्लेंटिफ’ हा वादी. फ्रेंच ‘प्लँतिफ’ म्हणजे रडवा, करुण. ‘मॉर्गेज’ हा शब्द तर ‘मृत गहाण’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांनीं बनलेला. पण फ्रान्समध्यें स्थावराच्या गहाणास ‘इपोतेक’ म्हणतात. नित्याच्या क्रियापदांची गोष्टही याहून निराळी नाहीं. इंग्रजी ‘डिमांड’ म्हणजे हक्कानें मागणें. फ्रेंच ‘दमांदे’ म्हणजे साधें विचारणें किंवा विनंती करणें. विनंतीच्या जागीं दटावणी आली, तर पत्राचा सगळा सूरच बिघडतो.

हा प्रश्न पुस्तकी राहिला नाहीं तो कॅनडांत. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें तेथील फ्रेंच वसाहत इंग्रजांच्या हातीं गेली. १७७४ च्या क्वीबेक कायद्यानें मालमत्ता व नागरी हक्क यांपुरता फ्रेंच कायदा राखला गेला. फौजदारी कायदा मात्र इंग्रजी राहिला. म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या प्रजेला ज्या कायद्यानें शिक्षा व्हावयाची, तो इंग्रजींतून भाषांतरित होऊन तिच्यापर्यंत पोंचावयाचा. जुन्या भाषांतरकारांनीं पुष्कळदां शब्दास शब्द दिला. पार्लमेंटच्या ‘अ‍ॅक्ट’ला त्यांनीं ‘आक्त’ म्हटलें. वास्तविक फ्रेंच कायद्यांत ‘आक्त’ म्हणजे दस्तऐवज. विधिमंडळानें केलेल्या कायद्यास ‘ल्वा’ म्हणतात. १८६७ च्या राज्यघटनेचें फ्रेंच नांव अशा रीतीनें दीर्घकाळ ‘आक्त’ राहिलें. १९८२ मध्यें तें बदलून ‘ल्वा’ करण्यांत आलें.

सर्वांत मोठा वाद मात्र एका लहानशा क्रियापदावर झाला. मॅनिटोबा प्रांताच्या १८७० च्या कायद्यांत विधिमंडळांतील चर्चा इंग्रजींत किंवा फ्रेंचमध्यें करतां येईल, या ठिकाणीं ‘मे’ हें क्रियापद आहे. आणि कायदे दोन्ही भाषांत छापले जावे, या ठिकाणीं ‘शॅल’. १८९० मध्यें प्रांतानें फ्रेंचला बाजूस सारून केवळ इंग्रजींत कायदे करण्यास आरंभ केला. १८९२ आणि १९०९ मध्यें कनिष्ठ न्यायालयांनीं हें अवैध ठरविलें. सरकारनें तिकडे काणाडोळा केला. पुढें १९७६ मध्यें जॉर्ज फॉरेस्ट नांवाच्या गृहस्थांनीं मोटार उभी करण्यासंबंधीच्या, केवळ इंग्रजींत दिलेल्या एका नोटिशीवरून लढा आरंभिला. १९७९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें १८९० चा तो कायदा रद्दबातल ठरविला. मग प्रश्न उरला तो ‘शॅल’चा. हा शब्द केवळ मार्गदर्शक आहे, असा एक पक्ष होता. १३ जून १९८५ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, ‘शॅल’ ही आज्ञा आहे. त्याबरोबर १८९० पासून केवळ इंग्रजींत केलेले सर्व कायदे अवैध ठरले. मात्र प्रांतांत अराजक माजूं नये म्हणून, भाषांतरास लागेल तेवढ्या अवधीपुरते ते चालूं ठेवण्यांत आले.

एका क्रियापदावर एका समाजाचा हक्क अवलंबून असतो, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच मिळेल. फ्रेंच भाषेला ‘शॅल’चा नेमका जोड नाहीं. फ्रेंच कायदा बहुधा साध्या वर्तमानकाळांतच आज्ञा करतो. ‘विकणारा माल देतो’ असें म्हटलें कीं तें त्याचें कर्तव्यच झालें. म्हणून भविष्यकाळी प्रत्यय लावून दिलेलें शब्दशः भाषांतर ढोबळ दिसतें, आणि प्रसंगीं आज्ञेचा जोरही गमावतें.

हें ओळखूनच १९७८ पासून कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनें नवी रीत अंगीकारली. आधीं इंग्रजी मसुदा व मागून त्याचें भाषांतर, हा क्रम सोडून दोन विधिलेखक शेजारीं बसून दोन्ही मसुदे एकदमच तयार करूं लागले. कोणताही मसुदा दुसऱ्याची नक्कल नाहीं. न्यायालयापुढें दोन्ही सारखेच प्रमाण. त्याच वर्षीं न्यू ब्रन्सविकमधील माँक्टन येथील विद्यापीठांत इंग्रजी पद्धतीचा कायदा फ्रेंच भाषेंत शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘ट्रस्ट’ला ‘फिदुसी’ हा शब्द देण्यांत आला. ‘कॉमन लॉ’ मात्र तसाच ठेवून त्यास फ्रेंच स्त्रीलिंगी उपपद जोडण्यांत आलें. जेथें जोड आहे तेथें तो घ्यावा, जेथें नाहीं तेथें परका शब्द निःसंकोच आपलासा करावा, असा हा व्यवहारी मार्ग होय.

तात्पर्य, कायद्याच्या भाषांतरांत शब्दांचें गोत्र पाहून भागत नाहीं. त्यांचें आजचें वर्तन पाहावें लागतें. ज्याच्यावर कायद्याची आज्ञा चालावयाची, त्याला ती स्वतःच्या भाषेंत, तिच्या पूर्ण अर्थानें आणि पूर्ण जोरानें कळली पाहिजे. नाहीं तर न्यायासनापुढें उभा असलेला मनुष्य ऐकतो एक आणि त्याला भोगावें लागतें दुसरेंच.