‘चांदोबा’ कोणाचा?



आज तुमच्याशी एका मासिकाविषयी बोलायचे आहे. हे मासिक आता निघत नाही. पण त्याचे नाव काढले की पन्नाशी उलटलेल्या माणसाचाही चेहरा खुलतो. हातात तलवार घेतलेला विक्रम राजा, त्याच्या खांद्यावर प्रेत आणि त्या प्रेतात बसलेला वेताळ. एवढे सांगितले की पुढचे नाव तुम्हीच घ्याल. ‘चांदोबा’!

चांदोबा कसा निघाला आणि कसा मावळला, ही गोष्ट तर मी सांगणारच आहे. पण तिच्या निमित्ताने एक प्रश्नही तुमच्यापुढे ठेवायचा आहे. मासिक कोणाचे? छापणाऱ्याचे, की वर्गणी भरून वाचणाऱ्याचे? तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय? ज्याचा छापखाना त्याचे मासिक. कायदाही तसेच म्हणतो. पण थोडे थांबा. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, नियतकालिकांच्या बाबतीत मागासलेला कधीच नव्हता. १८४२ साली मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ नगरलाच सुरू झाले. पुढे १९१० साली मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ काढले, आणि तेही पुण्यामुंबईला नव्हे तर सोमठाण्यासारख्या खेड्यात. नंतर ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागले. सत्यशोधक विचारांचे हे पत्र खेड्यातून निघे आणि खेड्यातल्या माणसासाठी बोले. १९६७ साली मुकुंदराव गेले आणि दीनमित्रही थांबले. त्या पत्राचा मालक, संपादक आणि पाठीराखा एकच माणूस होता. तो गेल्यावर पत्र थांबले, तर लोकांनी हळहळ केली. रागावणार कोणावर?

त्याआधीचे ‘दीनबंधु’ पाहा. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात सुरू केले. पत्र चालवणे जड जाऊ लागले, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे पुढे झाले आणि त्यांनी ते मुंबईहून चालवले. थकलेल्या हातातून सशक्त हातात पत्र गेले, वाचकाचा धागा तुटला नाही.

पण जेव्हा मासिक एखाद्या कंपनीचे असते आणि कंपनीचा मुख्य धंदा निराळाच असतो, तेव्हा गोष्ट बदलते. आपल्याकडे याचे ठळक उदाहरण किर्लोस्करांचे. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर तयार होत. नांगर घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कारखान्याची माहिती कळावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. शंकरराव किर्लोस्करांनी तिचे रूप असे पालटले की नांगराशी काडीचा संबंध नसलेली माणसेही तिची वाट पाहू लागली. खबरेचे पुढे नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याच घरातून निघाले. नांगराच्या गिऱ्हाइकाचा असा वाचक झाला. आता पाहा, नांगर विकला की व्यवहार संपतो. मासिकाचा व्यवहार मात्र दर महिन्याला नव्याने होतो, आणि दर महिन्याला माणूस थोडा अधिक गुंततो.

आता चांदोबाकडे वळू. जुलै १९४७, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी अवघा एक महिना. मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी तेलुगू आणि तमिळ भाषांत मुलांचे मासिक काढले. तेलुगूत ‘चंदमामा’, तमिळमध्ये ‘अंबुलीमामा’. हे दोघे पुढे सिनेमाच्या धंद्यातही मोठे झाले, पण मासिक त्यांनी सोडले नाही. १९५२ साली मराठीत ‘चांदोबा’ आला. हळूहळू हा चंद्र डझनभर भाषांतून उगवू लागला. गोष्टी आणि चित्रे एकच, भाषा तेवढी ज्याची त्याची. मद्रासचा मुलगा जी गोष्ट तमिळमध्ये वाचे, तीच नगरचा मुलगा मराठीत वाची. एका देशाची मुले एकच गोष्ट ऐकून झोपी जात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

विक्रम-वेताळाचे ते चित्र के. सी. शिवशंकरन यांनी काढलेले. ‘शंकर’ या नावाने ते चित्रे काढीत. १९५२ साली ते चांदोबाच्या कचेरीत आले आणि जवळजवळ साठ वर्षे चित्रे काढीत राहिले. २०२० साली ते वारले. मूळ ‘वेतालपंचविंशति’त गोष्टी पंचवीसच. चांदोबाचा वेताळ मात्र पंचविसावर थांबला नाही. तो वर्षानुवर्षे नवी गोष्ट सांगे आणि शेवटी नवा पेच घाली. उत्तर माहीत असून दिले नाहीस तर तुझ्या डोक्याची शकले होतील, अशी धमकीही देई! शिक्षक मित्रहो, न्याय कशाला म्हणावा, दोघांत थोर कोण, असे प्रश्न दहा वर्षांच्या मुलापुढे दर महिन्याला ठेवणारे दुसरे साधन आपल्याजवळ किती होते?

पण अंक गावात यायचे ते किती? एखाद्याच्या घरी, एखाद्या शाळेत, नाहीतर वाचनालयात. एक अंक दहा हातांतून फिरे. कव्हर निघून जाई, कडा झिजत, पण अंक रद्दीत जात नसे. अशा मासिकाचा मालक कोण म्हणायचा?

१९९८ साली कामगारांचा तंटा झाला आणि चांदोबा साधारण वर्षभर बंद राहिला. पुन्हा निघाला तेव्हा वाचकांना हायसे वाटले. मग २००७ साली मुंबईच्या जिओडेसिक नावाच्या कंपनीने तो विकत घेतला. ही संगणकाच्या कामातली कंपनी. नव्या काळात चांदोबाला नवे रूप येईल, संगणकाच्या पडद्यावरही तो दिसेल, अशी आशा त्या वेळी होती. जुने अंक कंपनीने तशा रीतीने वाचायला ठेवलेही. ते काम चांगले होते, हे नाकारायचे कारण नाही.

परंतु कंपनीचा मूळ धंदाच पुढे अडचणीत आला. परदेशातून घेतलेल्या कर्जरोख्यांची परतफेड थकली. २०१२-१३ च्या सुमारास चांदोबाचे अंक येईनासे झाले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनी अवसायनात निघाली. म्हणजे काय, तर तिची मालमत्ता विकून देणेकऱ्यांचे देणे भागवण्याची वेळ आली. पडद्यावर ठेवलेले जुने अंकही दिसेनासे झाले.

वाचक चिडले ते इथे. आणि त्यांचा राग नीट समजून घेतला पाहिजे. मासिक बंद झाले एवढ्यावरच ते रागावले नव्हते. पुढची वर्गणी भरलेली, आणि अंक नाही. पत्र लिहिले, तर उत्तर नाही. बंद झाले की उशीर झाला, एवढेही कोणी सांगेना. घरातले पोर रोज विचारी, ‘आला का?’ आणि आईबापांना सांगायला काही नसे. वेताळाला निदान उत्तर मिळे हो! वर्गणीदाराला तेही मिळाले नाही.

असेच सातासमुद्रापार अमेरिकेतही घडले होते, आणि तेही त्याच २००७ साली. तिकडे एक खेळ आहे. चारसहा जण टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात आणि फासे टाकून पुढे काय होते ते ठरवतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. त्याच्या षोकिनांसाठी ‘ड्रॅगन’ हे मासिक १९७६ पासून आणि ‘डंजन’ १९८६ पासून निघत असे. खेळाची मालकी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे, आणि मासिके परवान्याने छापी ‘पायझो’ नावाची लहान कंपनी. एप्रिल २००७ मध्ये जाहीर झाले की परवाना पुढे मिळणार नाही, सप्टेंबरचे अंक शेवटचे. यापुढचा मजकूर कंपनी संगणकावरून देणार. वीसवीस, तीसतीस वर्षांचे वाचक खवळले. आम्ही गिऱ्हाईक, आमचे पैसे, आणि आम्हाला विचारले कोणी? असा त्यांचा सूर होता.

पण तिथे एक फरक दिसतो. शेवट कधी ते महिने आधी सांगितले गेले. छापणाऱ्यांनी उरलेल्या वर्गणीचा हिशोब वर्गणीदारांपुढे ठेवला, आणि त्याच वर्षी ‘पाथफाइंडर’ नावाची स्वतःची मालिका सुरू केली. कित्येक जुने वाचक त्यांच्यामागे गेले. राग होता, पण विश्वास मोडला नव्हता. आपल्याकडेही ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढले, तेव्हा असाच एक जुना जिव्हाळा नव्या नावाच्या मागे उभा राहिला.

आता मूळ प्रश्नाला उत्तर देऊ. आपल्या गावाकडे सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत राहतो. साल संपले की त्याला जायची मोकळीक आहे, मालकालाही दुसरा गडी बघायची मोकळीक आहे. त्यात कोणी कोणाला बोल लावीत नाही. पण ऐन सुगीत न सांगता जाणे, किंवा हिशोब न करता गड्याला वाटेला लावणे, याला गाव नावे ठेवते. नगरच्या उत्तरेला मनमाड रस्त्यावर नागापूर आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कारखाना बंद करायचा तरी कामगारांची देणी असतात, सूचना असते. मासिकाचेही तसेच आहे. ते बंद करण्याचा हक्क मालकाचा. पण बंद करण्याची एक रीत असते. आधी सांगावे. घेतलेल्या वर्गणीचा हिशोब चुकता करावा. आणि जुने अंक सर्वांना पाहता येतील अशा जागी ठेवावेत, कारण ते अंक नुसता माल नव्हे, तीनचार पिढ्यांचे बालपण आहे.

या तिसऱ्या कामात वाचकांनी चांदोबाला अंतर दिले नाही. जिथे मालकाचे दप्तर बंद झाले, तिथे ठिकठिकाणच्या वाचकांनी माळ्यावरचे, ट्रंकेतले अंक शोधले, पानन्‌पान छायांकित केले आणि एकमेकांना दिले. आज जुना चांदोबा बघायला मिळतो, तो बराचसा या खटपटी माणसांमुळे. शिवाय आपल्या बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे, आणि त्याचे जुने अंकही संस्थेने वाचकांसाठी खुले केले आहेत. रीत पाळता येते, ती अशी.

म्हणून शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेच्या कपाटात कोपऱ्यात पडलेला मासिकांचा गठ्ठा एकदा खाली काढा. वर्षवार लावा, जाड दोऱ्याने शिवा, वर पुठ्ठा घाला आणि नोंदवहीत चढवा. आणि मंडळी, तुमच्या घरी जुने अंक असतील, तर रद्दीवाल्याची हाक आली म्हणून लगेच बाहेर नेऊ नका, आधी शाळेत विचारा. मासिकाचे नाव, चित्रे, हक्क हे सारे कोणीतरी विकत घेईल आणि विकेलही. पण जो अंक तुमच्या शाळेत शिवून ठेवला आहे, तो कोणत्याही कंपनीला बंद करता येणार नाही.