लहान व्यापारी इमारतीची कमाल वीज मागणी

'''कमाल वीज मागणी''' म्हणजे एखाद्या ग्राहकाने किंवा इमारतीने ठराविक कालावधीत वीजपुरवठ्यावर टाकलेला सर्वाधिक सरासरी भार होय. ती किलोवॅट किंवा किलोव्होल्ट-अँपिअर (केव्हीए) या एककांत व्यक्त केली जाते. दुकाने, कार्यालये, दवाखाने, उपाहारगृहे अशा गाळ्यांच्या लहान व्यापारी इमारतीत सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. त्यामुळे कमाल मागणी ही उपकरणांच्या एकूण जोडभारापेक्षा नेहमीच कमी असते. ती नेमकी किती कमी असेल, याचा इमारत उभी राहण्यापूर्वी बांधलेला अंदाज हा विद्युत संरचनेचा पाया मानला जातो. मुख्य केबल, मुख्य स्विच, मीटर, रोहित्र, जनित्र आणि वीज कंपनीकडे नोंदवायची करार मागणी या सर्वांची निवड या एका आकड्यावर अवलंबून असते.

## व्याख्या व मापन

कमाल मागणी ही क्षणिक शक्ती नसून सरासरी शक्ती असते. मीटर १५ किंवा ३० मिनिटांच्या प्रत्येक खंडात वापरलेली ऊर्जा मोजतो आणि तिला त्या खंडाच्या कालावधीने भागतो. महिन्याभरातील अशा सर्व खंडांपैकी सर्वांत मोठी सरासरी ही त्या महिन्याची कमाल मागणी ठरते. ३० मिनिटांच्या खंडात वापरलेल्या युनिटांची दुप्पट म्हणजे त्या खंडाची किलोवॅटमधील मागणी होय. उदाहरणार्थ, २० किलोवॅटचे उपकरण १५ मिनिटे चालून पुढची १५ मिनिटे बंद राहिले, तर ३० मिनिटांच्या खंडात मागणी १० किलोवॅट नोंदली जाते. १५ मिनिटांचा खंड धरल्यास मात्र तीच मागणी २० किलोवॅट भरू शकते.

यामुळेच मोटार सुरू होतानाचा काही सेकंदांचा मोठा प्रवाह कमाल मागणीत फारसा दिसत नाही. थेट सुरू होणारी प्रवर्तन मोटार आरंभी पूर्ण भाराच्या साधारण सहा ते सात पट प्रवाह घेते. या प्रवाहाचा विचार व्होल्टेजमधील घट आणि संरक्षक स्विचची निवड यांसाठी स्वतंत्रपणे करावा लागतो.

## इतिहास

वीजपुरवठ्याचा खर्च केवळ वापरलेल्या युनिटांवर नव्हे, तर ग्राहकासाठी सज्ज ठेवलेल्या क्षमतेवरही अवलंबून असतो, हा विचार ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये मांडला. त्यातून स्थिर आकार व वापर आकार अशा द्विस्तरीय दररचनेची कल्पना पुढे आली. ब्रायटन येथील अभियंता आर्थर राइट यांनी त्याच दशकात कमाल मागणी दर्शवणारे उपकरण प्रचारात आणले. त्यात प्रवाहाच्या उष्णतेने हवा प्रसरण पावून नळीतील द्रव ढकलला जाई आणि ओसंडून पडलेल्या द्रवाच्या पातळीवरून सर्वाधिक भार वाचता येई. अमेरिकेतील वीज उद्योजक सॅम्युअल इन्सुल यांनी ब्रायटनमधील ही पद्धत पाहून शिकागोत तिचा अवलंब केला. पुढे ऊर्जा मोजणारे व वेळेचे खंड पाडणारे मीटर आले. आजचे स्मार्ट मीटर प्रत्येक खंडाची मागणी साठवून ठेवतात.

## संबंधित संज्ञा

* '''जोडभार:''' इमारतीत बसवलेल्या सर्व उपकरणांच्या निर्धारित शक्तीची बेरीज.
* '''मागणी गुणक:''' कमाल मागणी भागिले जोडभार. हा सामान्यतः एकापेक्षा कमी असतो.
* '''विविधता गुणक:''' वेगवेगळ्या भारगटांच्या स्वतंत्र कमाल मागण्यांची बेरीज भागिले संपूर्ण इमारतीची कमाल मागणी. गटांची शिखरे वेगवेगळ्या वेळी येत असल्याने हा एक किंवा त्याहून अधिक असतो. काही देशांच्या व निर्मात्यांच्या कोष्टकांत याचाच व्यस्त, म्हणजे एकापेक्षा कमी असलेला आकडा, त्याच नावाने दिलेला आढळतो. त्यामुळे गुणाकार करायचा की भागाकार, हे प्रथम तपासावे लागते.
* '''भार गुणक:''' सरासरी मागणी भागिले कमाल मागणी. दिवसातून मोजकेच तास चालणाऱ्या दुकानांत तो कमी असतो.
* '''शक्ती गुणक:''' किलोवॅट भागिले केव्हीए. केबल व रोहित्र यांवरील ताण केव्हीएनुसार ठरतो.

## अंदाजाच्या पद्धती

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त वायरिंग मानकात कमाल मागणी ठरवण्याचे चार मार्ग मान्य केले आहेत: गणना, मूल्यांकन, प्रत्यक्ष मापन आणि मर्यादा. इतर देशांतील प्रथाही थोड्याफार फरकाने या चौकटीत बसतात.

'''गणना:''' उपकरणांची यादी करून प्रत्येक गटाला मागणी गुणक लावला जातो. ब्रिटनमधील प्रचलित मार्गदर्शिकेत लहान दुकाने व कार्यालयांतील दिव्यांसाठी ९० टक्के भार धरण्याची शिफारस आहे. मोटारींसाठी सर्वांत मोठ्या मोटारीचा १०० टक्के, दुसरीचा ८० टक्के व उरलेल्यांचा ६० टक्के भार धरला जातो. लिफ्टच्या मोटारींचा विचार मात्र वेगळा केला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत निवासी नसलेल्या इमारतींतील सॉकेटांचा पहिला १० केव्हीए भार पूर्ण व त्यापुढील भार निम्मा धरण्याची मुभा आहे. भारतात भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आणि राष्ट्रीय इमारत संहिता यांचा आधार घेतला जातो.

'''मूल्यांकन:''' भाडेकरू ठरलेले नसताना उपकरणांची यादी उपलब्ध नसते. अशा वेळी वापराच्या प्रकारानुसार दर चौरस मीटरमागे ठराविक भार धरतात. वातानुकूलित कार्यालय व साधे किराणा दुकान यांचे आकडे पूर्णतः भिन्न असतात. नंतर त्याच गाळ्यात उपाहारगृह आले तर मूळ अंदाज लागू राहत नाही.

'''मापन:''' इमारत वापरात असल्यास नोंदवलेली मागणी हा सर्वांत विश्वसनीय पुरावा असतो. अमेरिकी संहितेनुसार वर्षभराची कमाल मागणी घेऊन तिच्या १२५ टक्क्यांत नवा भार मिळवला जातो. काही दिवसांचेच मापन करायचे असल्यास ऋतूचा विचार आवश्यक ठरतो. विदर्भात डिसेंबरमध्ये घेतलेल्या नोंदींवरून मे महिन्यातील वातानुकूलनाचा भार कळत नाही.

'''मर्यादा:''' मुख्य स्विचच्या निर्धारित प्रवाहाने मागणीवर बंधन घातले जाते. वाहन चार्जिंगसारखे भार आपोआप कमी करणारी नियंत्रण यंत्रणाही याच कामासाठी वापरता येते.

## उदाहरण

तळमजल्यावर दुकाने व एक लहान उपाहारगृह आणि वरच्या दोन मजल्यांवर कार्यालये असलेली, ४१५ व्होल्ट त्रिफेज पुरवठ्याची एक काल्पनिक इमारत पुढे घेतली आहे. मोटारीच्या पाटीवरील शक्ती ही यांत्रिक असल्याने तिला कार्यक्षमतेने भागून विद्युत भार काढला आहे. ३.७ किलोवॅटचा पंप ८४ टक्के कार्यक्षमतेने ४.४ किलोवॅट वीज घेतो, तर ५.५ किलोवॅटची लिफ्ट ८६ टक्के कार्यक्षमतेने ६.४ किलोवॅट घेते. गुणक उदाहरणापुरते गृहीत धरले आहेत.

| भारगट | जोडभार (किलोवॅट) | मागणी गुणक | मागणी (किलोवॅट) |
|---|---|---|---|
| दिवे व पंखे | १२.० | ०.९ | १०.८ |
| संगणक व सॉकेट | १०.० | ०.५ | ५.० |
| वातानुकूलन यंत्रे | २५.० | ०.८ | २०.० |
| उपाहारगृहातील उपकरणे | ९.० | ०.६ | ५.४ |
| लिफ्ट | ६.४ | ०.५ | ३.२ |
| पाण्याचा पंप | ४.४ | १.० | ४.४ |
| जिना, वाहनतळ व नामफलकांचे दिवे | २.० | १.० | २.० |
| '''एकूण''' | '''६८.८''' | | '''५०.८''' |

कार्यालयांचा भार दुपारी, तर दुकाने व उपाहारगृह यांचा भार सायंकाळी शिखर गाठतो. म्हणून गटांमधील विविधता गुणक १.१५ धरल्यास इमारतीची कमाल मागणी ५०.८ भागिले १.१५, म्हणजे सुमारे ४४.२ किलोवॅट होते. शक्ती गुणक ०.९ असल्यास ती ४९.१ केव्हीए भरते. त्रिफेज पुरवठ्यात केव्हीएला १००० ने गुणून १.७३२ व ४१५ यांच्या गुणाकाराने भागले की प्रवाह मिळतो. तो येथे सुमारे ६८ अँपिअर येतो. केवळ जोडभारावरून हिशेब केला असता तर ७६.४ केव्हीए व सुमारे १०६ अँपिअर आले असते.

भविष्यातील वाढीसाठी २० टक्के तरतूद केल्यास ५८.९ केव्हीए, म्हणजे ८२ अँपिअर प्रवाह होतो आणि १०० अँपिअरचा मुख्य स्विच निवडता येतो. केबलची क्षमता, तिच्या भोवतालचे तापमान व शेजारच्या केबलींची संख्या यांनुसार घट लावल्यानंतरही, या स्विचच्या निर्धारित प्रवाहाहून कमी असता कामा नये.

## फेजमधील असंतुलन

वरील प्रवाह तिन्ही फेजवर भार समान वाटला आहे, असे मानून काढलेला आहे. लहान इमारतींत बहुतेक उपकरणे एकफेजी असतात आणि गाळेधारक आपापल्या सोयीने यंत्रे जोडतात. उदाहरणातील ४९.१ केव्हीएपैकी ४० टक्के भार एकाच फेजवर आला, तर त्या फेजचा प्रवाह ६८ ऐवजी ८२ अँपिअर होतो. म्हणजे वाढीसाठी ठेवलेली सर्व तरतूद असंतुलनातच संपते. संगणक व एलईडी दिवे यांच्या पुरवठा यंत्रणांमुळे निर्माण होणारे तृतीय क्रमाचे हरात्मक प्रवाह न्यूट्रल तारेत एकमेकांत मिसळून वाढतात. त्यामुळे न्यूट्रलचा छेद फेजपेक्षा कमी ठेवणे धोक्याचे ठरते.

## करार मागणी व वीजदेयक

करार मागणी म्हणजे ग्राहकाने वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मर्यादा होय. मागणीवर आधारित दरपत्रकात तिच्या प्रमाणात मागणी आकार लागतो. ती ओलांडल्यास जादा आकारणी होते. गरजेपेक्षा फार मोठी करार मागणी घेतल्यास न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दरमहा भरावे लागतात, कारण देयकासाठीची मागणी बहुधा करार मागणीच्या ठराविक टक्क्यांखाली जात नाही. अनेक दरपत्रकांत मागील महिन्यांतील सर्वोच्च मागणीचाही विचार होतो. त्यामुळे दिवाळीतील एका सायंकाळच्या रोषणाईचा परिणाम पुढील अनेक देयकांवर होऊ शकतो.

स्मार्ट मीटर बसवलेल्या ग्राहकांबाबत केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार मंजूर भार एका आर्थिक वर्षात किमान तीन वेळा ओलांडला गेला तरच नोंदवलेल्या मागणीच्या आधारे तो वाढवता येतो.

करार मागणी नंतर बदलता येते, परंतु भिंतीतील केबल बदलणे खर्चाचे असते. म्हणून करार मागणी सद्य गरजेनुसार व केबल भावी गरजेनुसार ठरवण्याची प्रथा आहे. मागणी कमी राखण्याचा सोपा उपाय म्हणजे भारांच्या वेळा बदलणे. उदाहरणातील पंप दुकाने उघडण्यापूर्वी चालवल्यास कमाल मागणी ४९.१ वरून सुमारे ४४.८ केव्हीएवर येते. छतावरील सौर संच दुपारच्या शिखरात मदत करतो, पण सूर्यास्तानंतरचे शिखर कमी करत नाही.

## सामान्य त्रुटी

* संपूर्ण इमारतीचा विविधता गुणक एकाच गाळ्याच्या केबलला लावणे. एका गाळ्यात बहुतेक उपकरणे एकत्र चालू शकतात, त्यामुळे त्याचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो.
* मागणी गुणकात आधीच समाविष्ट असलेली विविधता पुन्हा एकदा वजा करणे.
* वातानुकूलन यंत्राचे टन हे शीतन क्षमतेचे एकक असताना त्याचे थेट किलोवॅटमध्ये रूपांतर करून तीच वीज मागणी मानणे. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट शीतन, परंतु लागणारी वीज त्याहून बरीच कमी असते.
* अग्निशमन पंपाच्या केबलला विविधता लावणे. हा पंप दैनंदिन मागणीत नसला, तरी गरजेच्या क्षणी तो पूर्ण क्षमतेनेच चालावा लागतो.
* गाळ्याचा वापर बदलल्यावर अंदाज पुन्हा न तपासणे.

अंदाज कमी पडल्यास स्विच वारंवार खाली पडतो, केबलचे आवरण तापून लवकर जीर्ण होते आणि जोडण्यांवर आगीचा धोका वाढतो. स्विच पडू नये म्हणून केबल तीच ठेवून मोठ्या क्षमतेचा स्विच बसवणे हा सर्वांत घातक उपाय होय, कारण त्यानंतर केबलला अतिभारापासून कोणतेही संरक्षण उरत नाही.