सूर्यसिद्धांतांतील सावनदिवसांची संख्या व पाठपरीक्षा

(१) सांप्रतच्या सूर्यसिद्धांतांत एका महायुगाचे, म्हणजे ४३,२०,००० सौरवर्षांचे, सावनदिवस १,५७,७९,१७,८२८ सांगितले आहेत. ही संख्या अंकांनीं दिलेली नसून शब्दांनीं दिली आहे. वसु म्हणजे ८, अद्रि ७, रूप १, अंक ९, तिथि १५, असे संकेत वामगतीनें मांडावयाचे असतात. लेखकाच्या हातून एक शब्द गळाला कीं सर्व संख्या बिघडते.

(२) सुदैवानें तिची परीक्षा ग्रंथांतच होते. नाक्षत्र दिवस १,५८,२२,३७,८२८ यांतून रविभगण ४३,२०,००० वजा करावे. अथवा तिथि १,६०,३०,००,०८० यांतून क्षयतिथि २,५०,८२,२५२ वजा कराव्या. दोन्ही रीतींनीं तेच सावनदिवस येतात.

(३) कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (इ. स. १८९६) या ग्रंथांत पंचसिद्धांतिकेंतील सूर्यसिद्धांत सांप्रतच्याहून वेगळा दाखविला आहे. त्या जुन्या सिद्धांताप्रमाणें महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,८०० होतात. अंतर अवघें २८ दिवसांचें. वर्षमानांत तें दीड विपळहि भरत नाहीं. शिवाय २८ दिवस म्हणजे नेमके चार आठवडे, म्हणून युगांतींचा वारहि बदलत नाहीं.

(४) परंतु भाजकांच्या दृष्टीनें या संख्या अगदीं भिन्न आहेत. जुन्या संख्येस व युगवर्षांस ५,४०० नें निःशेष भाग जातो. म्हणून ८०० वर्षांत बरोबर २,९२,२०७ दिवस होतात. ब्रह्मगुप्ताच्या खंडखाद्यकांत (शके ५८७) हेच अंक आहेत. आर्यभटीयांतील १,५७,७९,१७,५०० या संख्येस ७,५०० हा साधारण भाजक असल्यानें ५७६ वर्षांत २,१०,३८९ दिवस येतात. सांप्रतच्या संख्येस मात्र ४ पेक्षां मोठा साधारण भाजक नाहीं. त्यामुळें १०,८०,००० वर्षांवांचून पूर्ण दिवस जुळत नाहींत.

(५) आद्यंत पत्रें नष्ट झालेल्या करणग्रंथांत ८०० व २,९२,२०७ ही जोडी आढळल्यास तो जुन्या सौरमानाचा किंवा त्याच वर्षमानाच्या आर्धरात्रिक पक्षाचा समजावा. ५७६ व २,१०,३८९ आढळल्यास आर्यभटीय मानाचा. अशा पोथींतील ८०० हा पाठ अशुद्ध मानून तेथें ८२८ घालणारा संशोधक लेखकाची चूक सुधारीत नसून ग्रंथाच्या परंपरेचा एकमेव पुरावा पुसून टाकतो. म्हणून पाठ बदलण्यापूर्वीं वरील वजाबाकी व भागाकार करून पाहणें अवश्य आहे.